गणित सोडलेल्या मुलीने जनुकशास्त्रात जावं का?

लालबागहून एका आईचं पत्र आलंय. मुलगी एस.वाय.बी.एस्सी.ला, विषय लाइफ सायन्सेस. 'आपल्या घरात सगळेच जाड का, ते मला शोधायचंय' म्हणते. वडील म्हणतात, यात नोकरी कुठे, त्यापेक्षा बी.एड. कर. अकरावीतच गणित सोडलंय.

ताई, तिचा प्रश्न पोरकट नाही. डीएनए म्हणजे रासायनिक अक्षरांची लांबलचक ओळ. तीत एखादं अक्षरच बदलतं असं नाही. कधी अख्खा तुकडा गळतो किंवा दुबार होतो. सोळाव्या गुणसूत्रावरचा सुमारे 6 लाख अक्षरांचा एक तुकडा गळला, तर लठ्ठपणाचा धोका खूप वाढतो, हे 2010मध्ये समोर आलं. तोच दुबार झाला, तर माणूस किडकिडीत राहण्याची शक्यता वाढते. पण असं फार थोड्यांत सापडतं. आपल्याच घरात ते असणार, असं तिने धरून चालू नये.

तिला दुसरी गोष्ट सांगा. भाकरीचा घास जास्त चावला की गोड लागतो, तो लाळेतल्या अमायलेज या पाचक विकरामुळे. त्याच्या जनुकाच्या प्रती कुणाकडे दोनच, कुणाकडे दहाच्या वर. कमी प्रती असलेल्यांत लठ्ठपणा जास्त, असं 2014मध्ये छापून आलं. 2015मध्ये संशोधकांच्या दुसऱ्या गटाने जास्त काटेकोर मोजलं, तर संबंध दिसेना! कारण प्रती मोजणंच अवघड. एकाच छापाच्या दहा-बारा लग्नपत्रिका फाडून कपटे एकत्र केले, तर मुळात पत्रिका किती होत्या? डीएनए वाचणारं नेहमीचं यंत्रही असेच दीडेकशे अक्षरांचे कपटे देतं. पुढची मोजणी संख्याशास्त्राची. पांढरा कोट घालून परीक्षानळी हलवण्यापेक्षा या क्षेत्रात बसून आकडेमोडच जास्त.

म्हणून माझी अडचण वडिलांपेक्षा त्या सुटलेल्या गणिताशी आहे. आयआयटीच्या एम.एस्सी.साठीच्या जॅम परीक्षेत बायोटेक्नॉलॉजीच्या पेपरातही बारावीचं गणित असतं. सोबत पायथन किंवा आर ही संगणकाची भाषा शिकायला हवी. सुट्टीत प्रकल्प मिळतो का, ते परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत विचारा, घराजवळच आहे.

वडिलांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. नुसत्या एम.एस्सी.वर पगार बेताचा. पण नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधनासाठीची शिष्यवृत्ती मिळाली, तर पीएच.डी. करताना महिना 37,000 रुपये मिळतात, शिवाय घरभाडे भत्ता. हे त्यांना जरूर सांगा.

बारावीची गणिताची पुस्तकं किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुनी मिळतील. ती आणून द्या. महिनाभरात तिने किती गणितं सोडवली, ते मला कळवा, बी.एड.चं मग बोलू.