ऑफर मागे घेतली, राजीनामा तर आधीच दिलाय

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात आयटी कंपनीत टेस्टर होती. दुसऱ्या कंपनीचं ऑफर लेटर आलं, तिनं मेलवर होकार कळवला, राजीनामा दिला, नोटीस पिरियडचे उरलेले दिवस पैसे भरून सोडवले, नव्या खोलीचं डिपॉझिटही भरलं. जॉइनिंगला चार दिवस असताना एचआरचा मेल आला, ‘ही जागा सध्या भरत नाही.’ कोर्टात जाऊन नोकरी मिळवता येईल का? – एक पालक, सांगली

उत्तर : नोकरी मिळणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो. खासगी कंपनीला अमुक माणसाला कामावर घ्याच असा हुकूम कोर्ट सहसा देत नाही. स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, १९६३ तिथे आड येतो. म्हणून तिची ताकद त्या खुर्चीमागे घालवू नका. झालेलं नुकसान मात्र नक्की मागता येतं.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५ नुसार प्रस्ताव मागे घ्यायचा तो स्वीकृती पूर्ण होण्याआधी. तुमच्या मुलीचा होकार आधीच पोचला होता, म्हणजे करार झालेला होता. तो मोडल्यावर कलम ७३ खाली भरपाईचा हक्क येतो. होकार मेलवर दिला म्हणून तो कच्चा ठरत नाही, माहिती तंत्रज्ञान कायदा अशा कराराला मान्यता देतो.

आता ऑफर लेटर शांतपणे पुन्हा वाचा. ‘बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनच्या अधीन’, ‘कंपनी केव्हाही ऑफर रद्द करू शकेल’ अशी वाक्यं असतील तर दावा दुबळा होतो. नोटीस पिरियडचं कलम असेल तर भरपाई बहुधा तेवढ्या दिवसांच्या पगारापुरतीच मिळते. मोठ्या रकमेची आशा धरू नका, पण म्हणून गप्पही बसू नका.

कंपनीच्या पोर्टलवरचं लॉगिन बंद व्हायच्या आत लेटर आणि सगळे मेल आजच उतरवून घ्या. नोटीस सोडवल्याची पावती आणि डिपॉझिटचा व्यवहार जोडून मुलीनं स्वतः एचआरला मेल करावा : ‘आपल्या अमुक तारखेच्या ऑफर लेटरवर विसंबून मी राजीनामा दिला. त्यापायी सोबतच्या पावत्यांप्रमाणे खर्च झाला. तो पंधरा दिवसांत मिळावा आणि ऑफर मागे घेण्याचं कारण लेखी कळवावं.’ मेल तिच्याच नावानं जाऊ द्या, करार तिचा आहे. राग कितीही आलेला असला तरी लिंक्डइनवर कंपनीला नावं ठेवू नयेत.

उत्तर आलं नाही तर वकिलाची नोटीस. फीची काळजी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००. खटल्याआधी लोकअदालतीत तडजोडही होऊ शकते. दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे, त्यामुळे आज रात्रीच धावपळ नको.

नवी नोकरी शोधणं मात्र आजपासून. पोटासाठी तर हवंच, शिवाय नुकसान कमी करायचा प्रयत्न केला का, हे कोर्टही बघतं. केलेल्या अर्जांच्या पोचा जपून ठेवा. जुन्या मॅनेजरला फोन करायला तिला संकोच वाटत असेल, तरी करायला सांगा. चांगल्या माणसाला परत घ्यायला बऱ्याच कंपन्या तयार असतात. आणि पुढची ऑफर आली की व्हेरिफिकेशन पूर्ण झाल्याचा मेल हाती पडेपर्यंत राजीनामा द्यायचा नाही.