आईला कायमचं न्यायचंय, तुम्ही फक्त तिला तयार करा

फोन रात्री साडेआठला आला. न्यू जर्सीत तेव्हा सकाळ होती, मुलगा ऑफिसला निघण्याच्या गडबडीत होता. "मॅडम, मी आता अमेरिकन सिटिझन झालोय. आता आईचं ग्रीन कार्ड करता येतं. कागदांचं सगळं मी बघतो. तुम्ही फक्त तिला तयार करा."

अशा घरांशी बोलणं हे माझं काम. त्यात हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की त्यावर लिहायचं कधीपासून मनात होतं. कुणाचा मुलगा टोरांटोला, कुणाची लेक मेलबर्नला. इकडं पेठेतल्या घरात सत्तरी ओलांडलेली आई किंवा वडील एकटे. मुलांची काळजी खरी असते. पण "तयार करा" या शब्दांत निर्णय आधीच होऊन गेलेला असतो, आणि ज्याच्याबद्दल निर्णय झाला त्याला अजून कुणी काही विचारलेलं नसतं. ही हकीकत काकूंच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

काकू ७४ वर्षांच्या, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत राहणाऱ्या. साखर आणि बीपी, दोन्ही गोळ्यांवर आटोक्यात. लेक इचलकरंजीला, दर आठवड्याला चक्कर टाकणारी. पहिल्या भेटीत त्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "मी कधी नको म्हटलो? पोरगं म्हणतंय तर जातो की." (आमच्या कोल्हापुरात बायकाही ‘मी जातो, मी येतो’ असंच बोलतात.) मग बराच वेळ गप्प. शेवटी पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "पण परत यायचं कधी, ते कोण सांगंना."

माझ्या मते सगळं प्रकरण या एका प्रश्नात होतं.

मुलाशी मी तीन वेळा सविस्तर बोलले. पहिल्यांदा तो फक्त फॉर्मबद्दल बोलत होता. दुसऱ्यांदा २०१९ च्या महापुराबद्दल बोलला. काकूंच्या घरात पाणी शिरलं नव्हतं, पण हायवे बंद, नळाला पाणी नाही, दुधाची गाडी नाही, फोन लागत नाही. तो तिकडं रात्र-रात्र पंचगंगेच्या पातळीचे आकडे बघत बसायचा. तिसऱ्या वेळी वडिलांबद्दल बोलला. ते वारले तेव्हा तो विमानात होता. अग्नी भाच्यानं दिला, हा रक्षाविसर्जनाला पोचला. हे सांगताना त्याचा आवाज गेला. मी त्याला विचारलं, "बाबांच्या वेळेला पोचता आलं नाही, ते आईला तिकडं नेऊन भरून निघणार आहे का?" तो उत्तर देऊ शकला नाही, आणि त्यानं लगेच उत्तर द्यावं अशी माझी अपेक्षाही नव्हती.

आता कागदाचं. मी वकील नाही. इमिग्रेशनचा अर्ज वकिलाला दाखवल्याशिवाय भरू नका, असंच मी प्रत्येकाला सांगते. पण नियम मला समजून घ्यावे लागतात, कारण घरातली निम्मी भांडणं अर्धवट माहितीवर चाललेली असतात. मुलाची समजूत होती की ग्रीन कार्ड मिळालं की आईला हवं तेव्हा जाता-येता येईल. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. ग्रीन कार्ड म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याची परवानगी. सलग सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं की परत शिरताना विचारणा होऊ शकते. परवानगी न घेता वर्षभर बाहेर राहिलं तर तुम्ही तिथलं वास्तव्य सोडलं असं धरलं जाऊ शकतं. आधी अर्ज करून री-एंट्री परमिट काढता येतं, तेही जास्तीत जास्त दोन वर्षांचं. ज्या बाईला चैत्रात जोतिबाची यात्रा आणि नवरात्रात अंबाबाई सोडवत नाही, तिच्यासाठी हे कार्ड म्हणजे पायात घातलेलं साखळदंड ठरू शकतं. व्हिजिटर व्हिसा त्या मानानं मोकळा. काकूंकडं तो होताच. २०१७ साली नातवाच्या जन्माच्या वेळी काका-काकू दोघांनी काढलेला, दहा वर्षांचा. त्यावर एका खेपेला साधारण सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. किती दिवस ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो.

इथं ओळखीपाळखीचे लोक एक घातक सल्ला देतात: फिरायला आलोय म्हणून आत शिरायचं आणि तिथं गेल्यावर ग्रीन कार्डाचा अर्ज टाकायचा. मनात आधीच कायमचं राहायचं असताना असं करणं म्हणजे अधिकाऱ्यापुढं खोटं बोलणं. पुढं अंगाशी आलं तर दार कायमचं बंद होऊ शकतं. आणि उलट बाजूही ध्यानात ठेवा. मुलानं आईसाठी आय-१३० चा अर्ज (ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा पहिला अर्ज) आधी भरून ठेवला, तर नंतर नवा व्हिजिटर व्हिसा मागताना "तुम्ही परत जाणार कशावरून?" हा प्रश्न जड जातो. म्हणून मी मुलाला म्हटलं, अर्ज आत्ता भरू नका. अमेरिकेच्या बाबतीत घाई करायचं कारणही नाही. २१ वर्षांवरच्या नागरिकाच्या आई-वडिलांना तिथं वार्षिक कोट्याची मर्यादा नाही. अर्ज आज करा नाहीतर तीन वर्षांनी, रांग लांबत नाही.

हे सगळ्या देशांना लागू नाही, आणि लोक इथंच चुकतात. शेजारच्याच्या मुलानं जे केलं तेच आपण करायचं म्हणतात, देश वेगळा असला तरी. कॅनडात आई-वडिलांच्या कायमच्या प्रवेशासाठी नशिबाचा भाग मोठा. २०२० मध्ये ज्यांनी नावं नोंदवली त्यांच्यातूनच पुढची कित्येक वर्षं सोडतीनं नावं काढली. तिथं सुपर व्हिसा, म्हणजे आई-वडिलांसाठीचा लांब मुदतीचा भेटीचा व्हिसा, हा जास्त उपयोगाचा मार्ग: दहा वर्षांपर्यंत चालतो, २०२२ पासून एका खेपेला पाच वर्षं राहता येतं, मुलाचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या वर असावं लागतं आणि किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा वैद्यकीय विमा लागतो. ऑस्ट्रेलियात आधी मुलं मोजतात. निम्मी मुलं तिथं कायमची असावीत, किंवा दुसऱ्या कुठल्याही एका देशापेक्षा तिथं जास्त असावीत. एक मुलगा सिडनीला आणि दोन लेकी करवीर तालुक्यात दिलेल्या, तर गणित जुळतच नाही. जुळलं तरी स्वस्तातल्या व्हिसाची रांग तीस वर्षांच्या आसपास, आणि पैसे भरून मिळणाऱ्या व्हिसाला माणशी ४५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर मोजूनही वर्षानुवर्षं थांबावं लागतं. तिथं जायचंच असेल तर लवकर रांगेत उभं राहावं हे खरं.

आणि ब्रिटन. तिथल्या एका लेकीचा फोन मी विसरू शकत नाही. २०१२ पासून तिथला नियम असा की आई किंवा वडिलांना रोजच्या कामांसाठी दुसऱ्याची दीर्घकाळ मदत लागत असली पाहिजे, आणि ती मदत पैसे टाकूनही मायदेशात मिळू शकत नाही हे सिद्ध करावं लागतं. ती रडत म्हणाली, "आई अंथरुणाला खिळल्याशिवाय मला अर्जच करता येणार नाही का? आणि खिळली तर कोल्हापुरात बाई मिळते म्हणून ते नाही म्हणणार!" तिचं दोन्ही म्हणणं बरोबर होतं. तिच्यासाठी आम्ही व्हिसाचा विषयच बाजूला ठेवला. सहा-सहा महिन्यांच्या भेटी, इथं राहायला एक भरवशाची बाई, आणि ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला व्हिसाशिवाय इथं येऊ देणारं कार्ड) तिनं स्वतः वर्षातून दोनदा येणं, अशी घडी बसवली.

काकूंकडं परत येते. दुसऱ्या भेटीला त्या कापडी पिशवीत कागद घेऊन आल्या. शाळा सोडल्याचा दाखला लॅमिनेट केलेला, कडेनं पिवळा पडलेला. त्यावर जन्मतारीख १ जून. आपल्याकडच्या हजारो माणसांसारखी, गुरुजींनी शाळेत घालताना टाकलेली. "मी नागपंचमीच्या आदल्या दिवशी झालो, आई सांगायची," काकू म्हणाल्या. जन्माची नोंद कुठंच नाही. दाखल्यावर माहेरचं नाव. लग्नात नाव बदललेलं, ते रेशनकार्डावर. पासपोर्टवर नवऱ्याच्या नावासकट तिसरंच स्पेलिंग. आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं घरातलं लाडकं नाव. चारही कागद टेबलावर शेजारी-शेजारी मांडून त्या बघत राहिल्या. "ह्यात मी कुठं हाय?"

आई-वडिलांना कुठंही न्यायचं असो, हे काम आज सुरू करा. मुलाच्या जन्मदाखल्यावरचं आईचं नाव आणि आईच्या पासपोर्टवरचं नाव एकाच बाईचं आहे, हे दाखवता आलं पाहिजे. जन्माची नोंद नसेल तर ज्या गावी जन्म झाला तिथल्या ग्रामपंचायतीकडून किंवा नगरपालिकेकडून नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला काढायचा, सोबत शाळेचा दाखला आणि जन्म माहीत असलेल्या वडीलधाऱ्याचं प्रतिज्ञापत्र. काकूंच्या जन्माबद्दल सांगू शकणारा एकच माणूस उरला होता, ८६ वर्षांचा चुलतभाऊ. त्याची सही घ्यायला लेक स्वतः कागलला गेली.

या लेकीबद्दल सांगितलंच पाहिजे. तिला मी वेगळं बोलावलं, कारण अशा प्रकरणांत जवळ राहणाऱ्या भावंडाला कुणी विचारत नाही. ती पहिल्या पाच मिनिटांत म्हणाली, "दवाखान्यात मी नेते, रात्री-अपरात्री मी येते, आणि आई कुठं राहणार हे दादानं तिकडनं ठरवायचं?" दादानं घर विकायचाही विषय काढला होता. मी त्याला साफ सांगितलं, घर विकू नका. पहिली दोन वर्षं भाड्यानंही देऊ नका. किल्ली आईच्या कमरेला राहू दे. सुनेला विचारलंत का, हेही विचारलं. ग्रीन कार्डासाठी जे हमीपत्र लिहून द्यावं लागतं ते कायद्यानं बांधून ठेवणारं असतं, आणि ६५ च्या पुढच्या पालकाला मेडिकेअर, म्हणजे तिथला सरकारी आरोग्य विमा, विकत घ्यायचं तरी आधी पाच वर्षं तिथं सलग वास्तव्य लागतं. तोवरच्या विम्याचा हप्ता त्या दोघांच्या पगारातून जाणार होता.

ठरलं ते असं: एक खेप राहून बघायचं. आणि हिवाळ्यात. याबाबतीत मी हट्टी आहे. बहुतेक घरं आई-वडिलांना उन्हाळ्यात बोलावतात. मुलांना सुट्टी, बागा फुललेल्या, शनिवार-रविवार भटकंती. आई खूश होऊन परतते आणि त्या तीन महिन्यांच्या जोरावर आयुष्याचा निर्णय होतो. साडेचारला अंधार पडतो तो डिसेंबर तिनं बघितलेलाच नसतो.

काकू भाऊबीज उरकून गेल्या आणि चैत्राच्या आधी परत आल्या. दोन आठवड्यांनी मला भेटल्या. मी विचारलं, कंटाळा आला का? "कंटाळा न्हाई हो. नातू शाळेतनं आला की मला इंग्लिश शिकवायचा, मी त्याला पाढं. एका रात्री मी आणि पोरगं ह्यांच्या आठवणीनं दोघं बसून रडलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा." थांबल्या. "पण तिथं मला कोण काय विचारायला येत न्हाई. हितं चटणी कांडायच्या दिवसांत गल्लीतल्या चार पोरी येऊन विचारत्यात, काकू, मीठ किती? बेडगी मिरची किती, जवारी किती? तिथं सगळं डब्यावर लिहिलेलं असतंय."

एकटेपणाबद्दल मी वर्षानुवर्षं बोलते, पण हे इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं. हेच बोलणं मी काकूंच्या परवानगीनं मुलाला जसंच्या तसं ऐकवलं. तो म्हणाला, "आम्ही तिला काही करूच देत नव्हतो, त्रास नको म्हणून."

सध्या आय-१३० भरलेला नाही. काकू हिवाळ्यातले तीन-साडेतीन महिने तिकडं आणि बाकी इथं, असं चाललं आहे. दरवर्षी पूर्ण सहा महिने राहू नका, नाहीतर ही बाई इथंच राहते की काय असा संशय अधिकाऱ्याला येतो, हेही त्यांना सांगितलं आहे. प्रवासाचा विमा आधीच्या साखर-बीपीला बहुतेकदा धरत नाही, म्हणून महिन्यांच्या हिशेबानं गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जाते. व्हिसाची मुदत संपतेय, त्याच्या नूतनीकरणाची तयारी मुलगा बघतो. चार नावांची एकच बाई असल्याचं प्रतिज्ञापत्र झालं, फाईल पूर्ण आहे. उद्या गरज पडली तर अर्ज आठवड्याभरात जाईल.

शेवटच्या भेटीला लेक समोर होती, मुलगा व्हिडिओ कॉलवर. काकूंनी मला वही काढायला लावली. "लिवा. मला चालता येईना झालं, तर दोघांनी मिळून बसायचं. आधी मला विचारायचं. मला बोलता येईना झालं, तर मग तुम्ही ठरवा, पण भांडायचं न्हाई." मी लिहिलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि खाली सही केली, पासपोर्टवर आहे त्याच नावानं.