सगळे गूगलवरच शोधतात, मग ग्रंथालयाच्या ऑपॅकचं काय झालं?

तुम्ही विचारलंय की कॉलेजच्या ग्रंथालयाच्या साइटवर ऑपॅक नावाची, म्हणजे ग्रंथालयात काय आहे ते ऑनलाइन शोधायची, शोधपेटी असते, पण विद्यार्थी सरळ गूगलवर जातात. मग ग्रंथालयं ही सेवा अजून का चालवतात, आणि वेब सर्च आल्यावर त्यांनी नेमकं काय बदललं. मी ग्रंथपाल आहे, रोजचं काम कोहा या ग्रंथालयांसाठीच्या संगणक प्रणालीवर चालतं, आणि हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थेट उत्तर असं : वाचकाला आपल्याच पेटीकडे ओढून आणायचा हट्ट चांगल्या ग्रंथालयांनी सोडून दिला. वाचक जिथे शोधतो तिथेच आपल्याकडचं पुस्तक दिसेल अशी सोय त्यांनी केली. आणि स्वतःचा वेळ दोन कामांना दिला. एक, सापडलेली गोष्ट वाचकाच्या हातात पडेपर्यंतचा रस्ता मोकळा ठेवणं. दुसरं, लेखक नक्की कोण, आवृत्ती कोणती, प्रत कुठे आहे, हे पक्कं करणं. पण इथवर यायला वीसेक वर्षं लागली आणि मधे एक मोठा वळसाही पडला.

2005 साली ओसीएलसी या जागतिक ग्रंथालय संस्थेने भारतासह सहा देशांत पाहणी केली होती. माहितीचा शोध कुठून सुरू करता, असं विचारल्यावर 84 टक्के लोकांनी सर्च इंजिन सांगितलं. ग्रंथालयाच्या संकेतस्थळापासून सुरुवात करणारे होते 1 टक्का. आमच्या व्यवसायात हा आकडा फार खोल लागला.

दोष वाचकांचा नव्हता. जुना ऑपॅक हा संगणकावर चढवलेला कार्ड कॅटलॉगच होता. त्याच्या तळाशी असलेला मार्क हा नोंदींचा आराखडा हेन्रिएट अव्हरॅम यांनी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये 1960च्या दशकात घडवला. त्या काळाच्या मानाने ते विलक्षण काम होतं, पण तेव्हा डोळ्यांसमोर कार्डं छापणं आणि नोंदींची देवघेव होती. शीर्षक तंतोतंत माहीत असेल तर पुस्तक सापडे, एखादं अक्षर चुकलं तर शून्य निकाल. निकाल आले तरी बऱ्याच प्रणालींत सर्वांत शेवटी दाखल झालेलं पुस्तक वर दिसे, मग ते वाचकाच्या विषयाला किती लागू आहे याचा संबंध नाही. त्यात आणखी एक अडचण होती. अशा ऑपॅकमध्ये प्रत्येक पुस्तकाला कायमचा पत्ता नसायचा. शोध घेतला की तेवढ्यापुरतं पान तयार व्हायचं आणि नंतर नाहीसं व्हायचं. गूगलच्या यंत्राला ती पानं दिसायचीच नाहीत. लाखो पुस्तकांच्या नोंदी इंटरनेटवर असून नसल्यासारख्या होत्या.

पहिला मोठा बदल 2006च्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाने केला. खरेदीच्या संकेतस्थळांसाठी बनलेलं एंडेका हे सॉफ्टवेअर त्यांनी आपल्या कॅटलॉगला जोडलं. निकाल उपयुक्ततेच्या क्रमाने येऊ लागले आणि बाजूला विषय, भाषा, काळ, प्रकार अशा चाळण्या आल्या. आज आपल्याला यात काही वाटत नाही, पण त्या चाळण्या चालल्या याचं कारण कॅटलॉगरांनी कित्येक वर्षं प्रत्येक पुस्तकाला विषय-शीर्षकं आणि वर्गांक देऊन ठेवले होते. पुढे व्हूफाइंड आणि ब्लॅकलाइट ही मुक्त सॉफ्टवेअरं आली, आणि ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्यांनाही ही सोय मिळाली. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालयासाठी बनलेलं कोहा 2000 पासून मुक्त आहे. महाराष्ट्रातल्या असंख्य कॉलेजांत आज तेच चालतं.

आता तो वळसा. पुस्तकांचं जमलं, पण विद्यार्थ्याला लेखही हवे असतात, आणि ते वेगवेगळ्या प्रकाशकांच्या डेटाबेसमध्ये विखुरलेले. सुरुवातीला अशी साधनं आली की तुमचा शब्द एकाच वेळी दहा डेटाबेसना पाठवायचा आणि उत्तरांची वाट पाहायची. सगळ्यांत मंद डेटाबेस जितका वेळ घेईल तितकं थांबायचं. मग 2009मध्ये समन नावाचं शोधयंत्र आलं आणि त्याच्या आगेमागे प्रायमो आणि एब्स्को डिस्कव्हरी. यांनी प्रकाशकांकडून नोंदी आधीच गोळा करून एकच प्रचंड अनुक्रमणी, म्हणजे इंडेक्स, बांधली. पेटी एक, उत्तर क्षणात, अगदी गूगलसारखं. ग्रंथालयांनी यावर फार पैसा ओतला.

माझं मत असं की गूगलची इतकी हुबेहूब नक्कल करायची गरज नव्हती. एका पेटीत सगळं ओतलं की साधं पुस्तक शोधणाऱ्याची पंचाईत होते. तो शीर्षक टाकतो आणि त्याला आधी त्या पुस्तकाची परीक्षणं, त्यावरचे लेख, त्याचा उल्लेख करणारे प्रबंध दिसतात. पुस्तक तिसऱ्या पानावर. म्हणून अनेक विद्यापीठांनी निकालांचे पुन्हा कप्पे केले : पुस्तकं एकीकडे, लेख दुसरीकडे, ग्रंथालयाच्या वेळा आणि सेवा तिसरीकडे. जपानी जेवणाच्या डब्यावरून या मांडणीला बेंटो म्हणतात. आणखी एक प्रश्न होता. शोधयंत्र विकणारी कंपनी स्वतःच डेटाबेसही विकत असेल, तर निकालात वर कोणाचा लेख येणार? 2014मध्ये अमेरिकेच्या निसो या मानक संस्थेने यावर शिफारशी काढल्या, की अनुक्रमणीत काय आहे आणि कशाला झुकतं माप दिलं जातं हे उघड सांगा. ग्रंथालयाने हा प्रश्न विचारलाच पाहिजे, कारण वाचक तो विचारू शकत नाही.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या ग्रंथालयाने मात्र वेगळाच रस्ता धरला, आणि मला त्यांचं धाडस फार मोलाचं वाटतं. लेख शोधण्यासाठी त्यांनी 2002मध्ये ओमेगा नावाचं स्वतःचं शोधयंत्र उभारलं होतं. दहा वर्षांनी त्यांनी वापराची आकडेवारी तपासली, तर त्यांचे वाचक बहुतेक गूगल स्कॉलर (गूगलचं संशोधन-लेखांचं शोधयंत्र), स्कोपस (लेखांचा डेटाबेस) यांसारख्या ठिकाणांहूनच लेखांपर्यंत पोहोचत होते. नवं महागडं शोधयंत्र विकत घेण्याऐवजी त्यांनी ओमेगा बंद करायचं ठरवलं आणि लक्ष पोहोचवण्यावर दिलं. लेख कुठेही सापडो, आमच्या वाचकाला तो उघडता आला पाहिजे, इतकंच. स्वतःच्या हातांनी बांधलेली सेवा आकडे पाहून बंद करणं सोपं नसतं.

हे पोहोचवणं कसं चालतं ते सांगतो, कारण तुम्ही ते रोज वापरत असाल आणि मागे ग्रंथालय आहे हे कळतही नसेल. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात हर्बर्ट व्हान द सोम्पेल यांनी 1990च्या दशकाच्या शेवटी एक कल्पना मांडली. लेखाचं नाव, नियतकालिक, खंड, पृष्ठ हे सगळं दुव्यातच भरून पाठवायचं, आणि तो दुवा वाचकाच्या ग्रंथालयाने उलगडायचा : आमच्याकडे हा लेख कोणत्या वर्गणीत आहे, नसेल तर छापील अंक आहे का, तोही नसेल तर आंतरग्रंथालयीन देवघेवीतून मागवायचा का. यालाच ओपनयूआरएल म्हणतात. 2004च्या नोव्हेंबरमध्ये गूगल स्कॉलर आलं, आणि पुढे ग्रंथालयांना आपल्या वर्गणीची यादी त्यांना देण्याची सोय झाली. यादी दिली की स्कॉलरच्या निकालाशेजारी तुमच्या ग्रंथालयाचा दुवा उमटतो. कॅम्पसबाहेर असाल तर स्कॉलरच्या सेटिंग्जमध्ये लायब्ररी लिंक्स उघडून आपली संस्था निवडा.

पुस्तकांच्या बाबतीत ओसीएलसीने 2003-04मध्ये हेच केलं. आपल्या जागतिक तालिकेतल्या नोंदी गूगल आणि याहूला दिल्या, म्हणजे पुस्तकाचं नाव गूगलवर टाकलं तरी ते कोणत्या ग्रंथालयात आहे हे सापडावं. 2006मध्ये ही तालिका, म्हणजे वर्ल्डकॅट, सगळ्यांसाठी खुली झाली. आपल्याकडे इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राच्या शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध आहेत. 1 जानेवारी 2025 पासून 'एक राष्ट्र एक वर्गणी' योजनेत 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिकं केंद्र आणि राज्यांच्या सरकारी शिक्षणसंस्थांना मिळू लागली. तुमची संस्था त्यात असेल, तर गूगलवर लेख सापडल्यावर पैसे मागणारं पान पाहून मागे फिरू नका. आधी ग्रंथालयात विचारा.

आता मराठीकडे येतो. लिपीच्या बाबतीत तयार वस्तू आपल्याला कधीच पुरत नाही. कोहाच्या मागे झेब्रा नावाची अनुक्रमणी असते. ती बसवताना दोन पर्याय असतात. त्यातला एक रोमन लिपी गृहीत धरून बनलेला. तो तसाच राहिला तर देवनागरी शोध नीट चालत नाही, नोंद डोळ्यांसमोर असूनही निकाल शून्य येतो. आयसीयू हा अनेक लिपी हाताळणारा दुसरा पर्याय निवडून सगळ्या नोंदींची अनुक्रमणी नव्याने बांधावी लागते. एखाद्या ऑपॅकवर मराठी पुस्तकं सापडत नसतील, तर बहुधा हेच कारण असतं.

एवढ्यानेही भागत नाही. महात्मा फुल्यांचं 'शेतकऱ्याचा असूड' घ्या. कोणी 'शेतकऱ्यांचा' लिहितं, कोणी 'आसूड'. शेतकऱ्यातला तो अर्धा ऱ संगणकात दोन प्रकारे टंकता येतो. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण यंत्राच्या लेखी ती वेगळी अक्षरं आहेत. लेखकाच्या नावाचंही तसंच : जोतीराव, जोतिराव, ज्योतिराव, जोतिबा, महात्मा फुले. शिवाय 1962च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांवर 'नाहीं', 'कांहीं' असे अनुस्वार. 'ग्रंथ' कुठे 'ग्रन्थ'. वाचकाला यातलं काहीही माहीत असायची गरज नाही. ते माहीत असणं हे आमचं काम.

आम्ही ते असं करतो. पुस्तकाच्या नोंदीत 246 क्रमांकाचं क्षेत्र पर्यायी शीर्षकासाठी असतं. तिथे शीर्षकाची सगळी प्रचलित रूपं भरायची. लेखकासाठी एकच प्रमाणित नोंद करायची आणि बाकीची नावं तिच्याखाली जोडायची. मग कोहात 'इन्क्लूड सी फ्रॉम इन सर्चेस' ही सोय चालू केली की 'जोतिबा फुले' टाकणाऱ्यालाही तीच पुस्तकं मिळतात. जुन्या पुस्तकांच्या आवृत्तीची शंका आली तर शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची उघडायची. 1800 ते 1937 या काळातल्या मराठी पुस्तकांची एका माणसाने केलेली ती नोंद आजही आधाराला येते.

गूगल शब्दांची चुकलेली रूपं आमच्यापेक्षा कितीतरी चांगली ओळखतं, यात वाद नाही. कोट्यवधी लोक रोज त्याला शिकवतात. पण असूडाच्या अनेक आवृत्त्यांपैकी कोणती तुमच्या शहरात आहे, तिचं संपादन कोणी केलं, ती आज फळीवर आहे की कोणी नेली आहे, हे ते सांगणार नाही. ते ग्रंथालयाच्या नोंदीतच मिळतं, तेही कोणी लक्ष घालून नोंद केली असेल तर.

एआयबद्दल थोडक्यात. 2024पासून प्रायमोसारख्या साधनांतही प्रश्न विचारून उत्तर मिळवायची सोय आली आहे. ती निदान खऱ्या नोंदींवर उभी असते. चॅटबॉटने दिलेल्या संदर्भयाद्यांत मात्र अस्तित्वात नसलेले लेख निघतात : लेखक खरा, नियतकालिक खरं, लेख काल्पनिक. असा संदर्भ प्रबंधात घालण्याआधी नियतकालिकाचा तो खंड उघडून पाहा, किंवा आमच्याकडे घेऊन या. पाच मिनिटांत निकाल लागतो.

शेवटी, जुनं मराठी पुस्तक शोधत असाल तर एक कामाची गोष्ट. 1962 पासून अमेरिकेच्या पीएल-480 या धान्यमदतीच्या योजनेखाली लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयाने भारतीय पुस्तकं अमेरिकेतल्या विद्यापीठांना पाठवली. त्यात मराठीही भरपूर होती. त्यांच्या नोंदी वर्ल्डकॅटवर आणि हाथीट्रस्ट या ग्रंथालयांच्या डिजिटल संग्रहावर आहेत, पण अनेकदा फक्त रोमन लिपीत, आणि शब्दाच्या शेवटचा अ सुद्धा लिहून. म्हणजे 'राव' तिथे आर-ए-ओ नसून आर-ए-व्ही-ए असतो, 'इतिहास' शेवटी ए लावून. देवनागरीत शोधून काही आलं नाही तर या पद्धतीने टाकून पाहा. हाथीट्रस्टवर पुस्तक उघडलं नाही तरी तुमचा शब्द कोणत्या पानांवर आहे हे बऱ्याचदा कळतं. तो पानांक आणि नोंदीतलं प्रकाशनवर्ष घेऊन आपल्या जवळच्या जुन्या ग्रंथालयात जा.