जुना गिअरबॉक्स नवीन मिळेपर्यंत हातचा सोडू नका

आपण लिहिले आहे की, आईने १९९४ साली घेतलेले दोन टबांचे सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन कपडे धुताना खडखडते, खाली पाणी ठिबकते आणि सर्व्हिस सेंटरने ‘याचे पार्ट येत नाहीत, नवीन घ्या’ असे सांगून हात वर केले. हे शब्द मी सात वर्षांपूर्वी जसेच्या तसे ऐकले आहेत. मी प्रशिक्षित कारागीर नाही. एकच मशीन तीनदा उघडून जे कळले, तेवढेच सांगतो.

गळती आणि खडखडाट हे बहुधा एकाच दुखण्याचे दोन भाग आहेत. टबच्या तळाशी कपडे घुसळणारी चकती म्हणजे पल्सेटर, आणि मोटरची गती कमी करून तिला फिरवणारी दातेरी चाकांची पेटी म्हणजे गिअरबॉक्स. पल्सेटरखालचे रबरी सील झिजले की साबणाचे पाणी शाफ्टवरून, म्हणजे पल्सेटर ज्यावर बसतो त्या दांड्यावरून, गिअरबॉक्समध्ये उतरते, ग्रीस धुऊन जाते आणि आतले दाते झिजतात. त्यामुळे सील तेच ठेवून नुसता गिअरबॉक्स बदलणे म्हणजे गळक्या छपराखाली नवी गादी घालणे होय.

माझी घोडचूक वेगळीच होती. सेंटरच्या माणसाने ‘नमुना दाखवायला लागेल’ म्हणून गिअरबॉक्स काढून नेला आणि मी पावतीही न घेता तो नेऊ दिला. तीन आठवडे ‘पार्ट मागवला आहे’ हेच उत्तर मिळाले. पुढे तक्रार परस्पर बंद झाली आणि चौकशीला गेल्यावर कळले की माझा गिअरबॉक्स भंगारात गेला. त्यानंतर पुण्यात ज्या ज्या दुकानात गेलो, तिथे पहिला प्रश्न एकच: “जुना आणलाय का?” दुकानदार मॉडेल नंबर ऐकूनही घेत नाही, तो दोन शाफ्ट शेजारी उभे धरून पाहतो, आणि माझ्या मते तेच बरोबर आहे. मी अंदाजाने आणलेल्या पहिल्या गिअरबॉक्सच्या शाफ्टला अकरा दाते निघाले, माझा पल्सेटर दहा दात्यांचा. दुसऱ्याचे दाते जुळले, पण शाफ्ट थोडा आखूड असल्याने पल्सेटर टबच्या तळाला घासू लागला. दोन्हींचे पैसे पाण्यात गेले. तिसरा रविवारी जुन्या बाजारात, एका मोडीत निघालेल्या मशीनमधून मिळाला, तोही घरून पल्सेटर पिशवीत घालून नेला म्हणून.

तेव्हा शाफ्टचे दाते, त्याची उंची, पुलीचा व्यास आणि बोल्टच्या भोकांमधले अंतर आधी वहीत लिहून ठेवा. गंजलेला पल्सेटर स्क्रू काढूनही हलत नसेल, तर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, टबला तडा जातो. पल्सेटरच्या कडेखालून बारीक मजबूत दोरी दोन्ही बाजूंनी घालून सरळ वर ओढा. मोटर नुसती गुणगुणत असेल आणि पुली हाताने मोकळी फिरत असेल, तर आधी मोटर सुरू व्हायला मदत करणारा कपॅसिटर पाहावा; जुन्यावर लिहिलेल्या तेवढ्याच मायक्रोफॅरडचा (त्याच्या क्षमतेचे माप) तो पुण्यात बुधवार पेठेतल्या टापकीर गल्लीत सहज मिळतो. मात्र प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असू शकते, म्हणून हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

सील मात्र दोन घ्या. पहिले बसवताना माझ्याकडून कडेला दुमडले गेले होते आणि त्या एका रबरासाठी मला पुन्हा बुधवार पेठेत जावे लागले.