कोळंबीच्या सालीत करिअर असतंय का?

ताई नमस्कार. तुमचं पत्र वाचलं. पोरगी बीएस्सी केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कोळंबीच्या सालीपासून रंगाचं पाणी साफ करायचं मटेरियल बनवायचं डोक्यात घेतलंय, फ्रीजर सालींनी भरलाय आणि घरचे म्हणतायत की ह्यात नोकरी कुठली, गप बीएड कर.

फ्रीजरचं सोपं आहे, साली धुऊन कडक उन्हात वाळवल्या की डब्यात राहतात. आणि आयडिया काय खुळी नाही बघा. कोळंबी-खेकड्याच्या कवचात कायटिन नावाचा चिवट पदार्थ असतो, सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडनं त्यातला कॅल्शियम काढायचा, कॉस्टिक सोड्यानं प्रोटीन काढायचं, मग 40-50 टक्क्यांच्या गरम कॉस्टिकमधे ठेवलं की कायटोसान तयार होतं (हे घरच्या गॅसवर अजिबात नको, लॅबमधेच). आम्लात त्याच्यावर धन चार्ज येतो, रिॲक्टिव्ह डाय (कॉटनला लावायचे रंग) ऋण चार्जवाले, म्हणून ते येऊन चिकटतात. बीकरातलं पाणी नितळ होतं, फोटो झकास येतो.

पण इचलकरंजीच्या प्रोसेस हाऊसमधनं (कापड रंगवायच्या कारखान्यातनं) जे पाणी बाहेर पडतं ते असलं नसतं. कॉटनला रिॲक्टिव्ह डाय करताना मीठ आणि सोडा ॲश घालतात, त्यामुळं ते खारट, अल्कली, वर कितीतरी रंग एकत्र, तिथं कायटोसानची पकड ढिली पडते. ॲसिड वाढवावं तर कायटोसान स्वतःच विरघळायला लागतं, मग क्रॉसलिंक करा, म्हणजे त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधा. मेथिलीन ब्लूसारखा धन चार्जवाला डाय तर साध्या कायटोसानवर नीट बसतच नाही. आणि रंग कुठं नाहीसा होत नाही ओ, पाण्यातनं मटेरियलवर जातो, मग ते भरलेलं मटेरियल टाकायचं कुठं? ह्याच्यावर फार कमी पोरं विचार करतात.

नोकरी ह्या भानगडी सोडवणाऱ्याला आहे. ईटीपी (कारखान्याचं सांडपाणी साफ करायचे प्लांट), पाणी तपासायच्या लॅब, डाय-केमिकल कंपन्या, प्रदूषण नियंत्रण मंडळ. 'कायटोसान पाहिजे' अशी जाहिरात शोधत बसू नका. तिनं यूव्ही स्पेक्ट्रो (पाण्यात रंग किती ते मोजायचं मशीन) आणि सीओडी (पाण्यातली घाण मोजायची टेस्ट) स्वतःच्या हातानं करायला शिकावं, सरांनी करून दिलेलं चालणार नाही. पुढं शिवाजी विद्यापीठात केमिस्ट्री नाहीतर एन्व्हायर्नमेंटल सायन्समधे एमएस्सी, आयआयटीत एमएस्सीला जायचं असेल तर जॅमची परीक्षा, रिसर्चच करायचा असेल तर नेट-जेआरएफ (फेलोशिपची परीक्षा). कोचीच्या सीआयएफटीमधे (मासेमारी तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था) कायटिन-कायटोसानवर कामं झालीत, तिथलं वाचू दे. बीएड काय, एमएस्सीनंतरही करता येतंय, त्यावरनं आत्ता घरात भांडणं नकोत.

सध्या एकच करा, कॉलेजचं पत्र घेऊन एखाद्या प्रोसेस हाऊसमधनं खरं पाणी आणू दे आणि त्यावर ट्रायल घेऊ दे. रिझल्ट बेकार आला तरी तसाच लिहायचा, का बेकार आला हे तिला सांगता आलं तर एमएस्सीच्या प्रोजेक्टला गाईड मिळायला अवघड जाणार नाही.