स्टेटसवाल्या दिराला काय सांगावं अन् कोणी

ताई, तुमचा चुलतदीर दिवसभर व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटस टाकतो, त्यात परवा तुमच्या सासऱ्यांचा, म्हणजे मामाजींचा, सलाईन लावलेला फोटोही टाकला, आणि बोललं तर भावकीत वाकडं येईल अशी भीती आहे. तुम्ही दर्यापूरकडच्या, म्हणजे आमच्याच बाजूच्या. गावाच्या ग्रुपचा मी सुरुवातीपासून अ‍ॅडमिन आहे, त्यामुळे हे दुखणं माझ्या ओळखीचं आहे.

त्याची नवी गाडी, फवारणीचा व्हिडिओ, नेत्याच्या वाढदिवसाचं बॅनर, रात्री अकराची शायरी, हे त्याचं त्याला लखलाभ. स्टेटस 24 तासांत आपोआप जातं. तेवढाही दम निघत नसेल तर त्याच्या नावावर बोट दाबून धरा आणि म्यूट करा, त्याला कळतही नाही. ग्रुपवरच्या गुड मॉर्निंगलाही हाच इलाज. ग्रुप मात्र सोडू नका. सोडल्याची सूचना आता फक्त अ‍ॅडमिनला जाते हे खरं, पण अ‍ॅडमिन ते पोटात ठेवेलच याची हमी मी तरी देत नाही! शिवाय माती किती वाजता आहे, लाईन कधी येणार, तूर काय भावानं गेली, हे आता तिथंच कळतं.

बोलायचं ते दुसऱ्याचं काही टाकलं तेव्हा. मामाजी बेडवर पडलेले, अंगावर धड कपडा नाही. त्यांना कोणी विचारलं? आमच्याकडे तर मुलगी पाहायला पाहुणे आले की पोहे संपायच्या आत फोटो चढतो. पुढे जमलं नाही तर स्टेटस जातं, पण कोणीतरी काढलेला स्क्रीनशॉट पुढच्या स्थळाच्या घरी आधी पोचतो. आणि एखाद्या कास्तकारानं जीव दिला की पंचनाम्याआधीच फोटो फिरतो. सासरी असलेल्या लेकीला बाप गेल्याचं मोबाईलवर दिसतं. असा फोटो आला की मी कोणाला विचारत बसत नाही, सगळ्यांसाठी डिलीट करतो. अ‍ॅडमिनला ती सोय आहे. टाकणारा चार दिवस रामराम घेत नाही, न घेवो.

अनुदानाच्या यादीसाठी आधार अन् पासबुकाचे फोटो ग्रुपवर टाकणारेही याच माळेतले. ज्याला हवे त्याला एकट्याला पाठवा, आणि चालत असेल तिथं शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या.

तुम्ही विचारलं की ग्रुपवर असं काही आलं तर अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येतं का. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2021 साली सांगितलंय, की संगनमत नसेल तर सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी अ‍ॅडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. हे ऐकून बरेच अ‍ॅडमिन हात झटकतात. मला ते पटत नाही, पण तुमच्या दिरानं तर फोटो स्वतःच्या स्टेटसवर टाकला, तिथं कोणत्याच अ‍ॅडमिनचं चालत नाही.

म्हणून घरातूनच सांगा. ग्रुपवर नाही, स्टेटसखाली टोमणा मारून तर नाहीच. तुम्हीही सांगू नका. 'वहिनी शिकवते' असं व्हायला वेळ लागत नाही. आत्याबाईंनी, म्हणजे तुमच्या सासूबाईंनी, किंवा तुमच्या मालकांनी त्याला बाजूला घेऊन म्हणावं, 'मोठेबाबा बरे झाल्यावर हा फोटो पाहून काय म्हणतील?' आणि लगेच काम सोपवावं. दिवसभर सोयऱ्यांचे फोन येतात, एकेकाला तेच सांगून तोंड दुखतं, म्हणूनही पोरगा स्टेटस टाकत असेल. तेव्हा फोटोऐवजी त्याला लिहू द्या: 'तब्येत सुधारत आहे, डॉक्टरांनी गर्दी करू नका म्हटलं आहे, घरी आल्यावर भेटा.' बातमीही पोचते अन् दवाखान्यातली गर्दीही कमी होते.

एवढ्यावरही ऐकलं नाही, तर मामाजी घरी आल्यावर त्यांनाच फोटो दाखवा. त्यांची एक शिवी पुरेल.