क्रिटेशसला 'खडूयुग' म्हणावे का?

मुलांच्या पुस्तकाचे भाषांतर करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे: "'खडूयुगाच्या शेवटी डायनोसॉर निर्वंश झाले' हे मराठी वाक्य बरोबर आहे का?"

व्युत्पत्ती पाहिली तर 'खडू' नेमका आहे. 'क्रिटेशस' हे पृथ्वीच्या इतिहासातल्या एका कालखंडाचे नाव, आणि लॅटिनमध्ये 'क्रेटा' म्हणजे खडू. पॅरिसच्या आसपासचे पांढरे थर पाहून बेल्जियन भूवैज्ञानिक द'ओमालियुस द'आल्वा यांनी १८२२ मध्ये हे नाव दिले. जर्मन भाषेत 'क्राइडे' म्हणजे खडूही आणि हा कालखंडही. डायनोसॉर जिथे संपतात त्या थराला जगभर 'के-पीजी सीमा' म्हणतात, त्यातला 'के' याच क्राइडेचा ('पीजी' हा त्यापुढच्या पॅलिओजीन कालखंडाचा). म्हणजे भाषांतराला आधार आहे.

तरी मी 'खडूयुग' लिहिणार नाही. एक तर 'युग' चुकते. आपल्या भूविज्ञानाच्या परिभाषेत महाकल्प, त्याच्या पोटात कल्प आणि कल्पाच्या पोटात युग अशी उतरंड आहे. १४.५ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा हा काळ 'कल्प' ठरतो, मध्यजीव महाकल्पातला शेवटचा.

दुसरे म्हणजे मराठी कानाला 'खडू' म्हटले की शाळेतली कांडी दिसते, आणि ती बहुधा जिप्समची असते. इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे डोव्हरचे पांढरे कडे खऱ्या खडूचे, म्हणजे वेगळ्याच गोष्टीचे आहेत. समुद्रात तरंगणाऱ्या एकपेशीय शैवालांच्या अंगावर चुन्याच्या चकत्या असतात, मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढ्या. शैवाल मेले की त्या तळाशी बसायच्या. असे लाखो वर्षे साचत गेले आणि शेकडो मीटर जाडीचा दगड झाला. खडूसाठी संस्कृत 'खटी' घेऊन 'खटी कल्प' म्हणता येईल, पण ते आधी समजावून सांगावे लागेल. 'खडी' घेतली तर रस्त्यावरची खडी आडवी येते. (बाराखडीचा या कशाशीच संबंध नाही, ती 'द्वादशाक्षरी'तून आली.)

माझे खरे कारण तिसरे आहे. महाराष्ट्रातल्या मुलाला हा काळ हाताने दाखवायचा तर खडू दाखवून चालणार नाही, काळा कातळ दाखवावा लागेल. सह्याद्रीचे पायऱ्यापायऱ्यांचे कडे ज्या लाव्हाचे आहेत, तो या कल्पाच्या अखेरीस आणि पुढच्याच्या सुरुवातीला वाहिला. या लाव्हाच्या थरांना 'दख्खन ट्रॅप' म्हणतात, त्यातला 'ट्रॅप'ही स्वीडिश 'पायरी'वरून आला आहे. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याजवळ त्याच काळच्या डायनोसॉरांची दगड झालेली विष्ठा सापडते. तिच्यात गवताच्या पेशींतले सिलिकाचे कण मिळाले आणि २००५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. तोवर डायनोसॉरांच्या काळात गवत नव्हतेच असा समज होता. मला तर हा शोध पांढऱ्या कड्यांपेक्षा मोलाचा वाटतो. म्हणून 'क्रिटेशस कल्प' हेच नाव ठेवावे. खडूची गोष्ट तळटीपेत सांगावी, आणि तिथेच पिसदुऱ्याचीही.

आता 'निर्वंश'. हा शब्द इथे चुकतो, कारण डायनोसॉरांचा वंश चालू आहे: पक्षी त्यांच्याच एका शाखेतून आले. अंगणातली चिमणी असताना निर्वंश कसे म्हणायचे? 'लुप्त'मध्ये कुठेतरी दडून बसल्याची छटा आहे. 'नामशेष'चा शब्दशः अर्थ 'नाव तेवढे उरलेले', आणि डायनोसॉर हे नाव तर १८४२ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी दिले. पण रूढी शब्दार्थापेक्षा बलवान असते, तेव्हा 'नामशेष' चालेल. मात्र कोण नामशेष झाले ते नीट सांगावे.

'निर्वंश' वापरायचाच असेल तर तो अमोनाइटांना शोभतो. घरच्या देवघरातला शाळिग्राम पाहा: गंडकीच्या खोऱ्यातले चक्राकार शाळिग्राम म्हणजे याच शंखधारी समुद्रजीवांचे जीवाश्म. त्यातले पुष्कळसे क्रिटेशसच्याही आधीचे, ज्युरासिक कल्पातले आहेत. क्रिटेशस संपताना मेक्सिकोतल्या युकातानजवळ अशनी आदळला आणि सुमारे तीन चतुर्थांश जीवजाती गेल्या. दख्खनच्या लाव्हाचा त्यात वाटा किती, यावर वाद चालू आहे. त्या संहारात अमोनाइटांचा सगळा वंश बुडाला.

तेव्हा वाक्य असे करावे: "क्रिटेशस कल्पाच्या अखेरीस पक्षी सोडून बाकीचे सगळे डायनोसॉर नामशेष झाले."